तेल बदलाल तर टायमिंगही बदला

छत्रपती संभाजीनगरच्या क्रांती चौकातून जाणाऱ्या डिझेल वाहनांचे वय एकसारखे नाही, आणि या लेखातला सगळा युक्तिवाद त्या एका गोष्टीवर उभा आहे. जालना रोडने चिकलठाण्याकडे निघालेला बीएस-६ चा नवा मालवाहू टेम्पो, पाण्याचा जुना टँकर, एसटीची बस, २०१९ च्या सुरुवातीला सुरू झालेल्या शहर बससेवेची बीएस-४ काळातली गाडी आणि उस्मानपुऱ्याकडे वळणारी डिझेल मालरिक्षा ही सगळी एकाच सिग्नलवर थांबतात. एकाच पंपावरचे डिझेल त्यांच्या टाक्यांत असू शकते. तरीही त्यांच्या नळकांड्यातून बाहेर पडणारे वायू एकमेकांशी जुळत नाहीत. भारत स्टेज, म्हणजे बीएस, मानकांनी जड वाहनांच्या इंजिनांसाठी आखलेल्या मर्यादाच पाहा. बीएस-३ मध्ये एका किलोवॅट-तासाच्या कामामागे नायट्रोजनची ऑक्साइड्स, म्हणजे ज्यांना सगळे थोडक्यात नॉक्स म्हणतात ती, ५ ग्रॅमपर्यंत चालत होती. बीएस-४ मध्ये ती ३.५ वर आली आणि १ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या बीएस-६ मध्ये ०.४६ वर. सूक्ष्म कणांची मर्यादा बीएस-३ च्या ०.१० ग्रॅमवरून ०.०१ वर उतरली. कागदावरच एका जुन्या ट्रकमध्ये दहा नवे ट्रक बसतात. रस्त्यावर तो ट्रक बारा वर्षे झिजलेला असतो.

डिझेलमध्ये बायोडिझेल मिसळून धूर कमी करावा, हा विचार या चौकात आणून ठेवला की पहिला प्रश्न हाच पडायला हवा: यातल्या कोणत्या गाडीत? आपल्याकडे हा प्रश्न क्वचित विचारला जातो. राष्ट्रीय जैवइंधन धोरण २००९ मध्ये आले तेव्हा २०१७ पर्यंत २० टक्के मिश्रणाचे उद्दिष्ट ठेवले गेले. २०१८ च्या धोरणाने ते २०३० पर्यंत ५ टक्के असे खाली आणले. प्रत्यक्ष मिश्रण बराच काळ एका टक्क्याच्याही खाली राहिले. या सगळ्या चर्चेत किती टक्के, किती रुपये, किती परकीय चलन वाचले एवढेच मोजले गेले. ज्या इंजिनात ते तेल जळणार त्याचा पंप कोणता, त्याचे टायमिंग (सिलिंडरमध्ये इंधन सोडण्याचा क्षण) किती, त्याच्या नळकांड्याला शुद्धीकरणाची काय सोय आहे, हे धोरणाच्या पानावर आलेच नाही. माझे म्हणणे असे की बायोडिझेलचा धुरावरचा परिणाम अर्धा तेलात ठरतो आणि अर्धा इंजिनात. तेल बदलून इंजिन तसेच ठेवले तर आपण एक प्रदूषक कमी करून दुसरे थोडे वाढवतो. इंजिन त्या तेलासाठी लावून घेतले, तर दोन्ही खाली आणता येतात. हे लावून घेण्याचे काम जुन्या, यांत्रिक पंपाच्या गाड्यांतच सर्वांत सोपे आहे.

आधी तेलाकडे पाहू. वनस्पती तेल थेट डिझेल इंजिनात घालता येते, हे रुडॉल्फ डिझेलच्या हयातीतच दिसले होते. १९०० च्या पॅरिस प्रदर्शनात ऑट्टो कंपनीने एक लहान डिझेल इंजिन शेंगदाण्याच्या तेलावर चालवून दाखवले होते. पण कच्चे तेल डिझेलपेक्षा सुमारे दहापट चिकट असते. त्याचा फवारा नीट होत नाही, नॉझलवर कीट चढते, पिस्टनच्या रिंगा चिकटतात. म्हणून तेलाची मिथेनॉलशी उत्प्रेरकाच्या मदतीने प्रक्रिया करतात. साधारण १०० किलो तेलाला १० ते ११ किलो मिथेनॉल लागते आणि १०० किलोच्या आसपास एस्टर मिळते. तळाशी साधारण मिथेनॉलइतकेच ग्लिसरीन उरते. हे एस्टर म्हणजेच बायोडिझेल. त्यात वजनाच्या सुमारे ११ टक्के ऑक्सिजन असतो. गंधक जवळजवळ नसते आणि डिझेलमधली बेंझिनच्या कुळातली संयुगेही नसतात. काजळी तयार होते ती फवाऱ्याच्या गाभ्यात, जिथे इंधन भरपूर आणि हवा अपुरी असते. तिथे इंधनानेच ऑक्सिजन बरोबर आणला तर काजळीला सुरुवातीलाच आळा बसतो.

याचे आकडे २००२ मध्ये अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने तोवरच्या चाचण्या एकत्र करून मांडले. सोयाबीनच्या तेलापासून केलेले २० टक्के बायोडिझेल आणि ८० टक्के डिझेल, म्हणजे ज्याला बी-२० म्हणतात ते मिश्रण, वापरले तर सरासरीने कण १० टक्के कमी झाले, कार्बन मोनॉक्साइड ११ टक्के कमी झाला, अर्धवट जळलेली हायड्रोकार्बन्स २१ टक्के कमी झाली. आणि नॉक्स २ टक्के वाढला. निव्वळ बायोडिझेल जाळले तर कण जवळपास निम्म्यावर येतात, पण नॉक्सची वाढ १० टक्क्यांच्या घरात जाते. हे आकडे प्रामुख्याने जुन्या, नळकांड्यात कोणतेही शुद्धीकरण नसलेल्या जड इंजिनांचे आहेत, त्यामुळे आजच्या अमेरिकेला ते फारसे लागू नाहीत. क्रांती चौकातल्या टँकरला मात्र ते बऱ्यापैकी लागू पडतात. शिवाय मराठवाड्यात सोयाबीन हे परके पीक नाही.

नॉक्स वाढतो का, याची कारणे एकाहून जास्त आहेत आणि त्यांचे एकमेकांतले प्रमाण इंजिनागणिक बदलते. पण जुन्या इंजिनात एक कारण ठळक आहे, आणि माझ्या युक्तिवादाची चावी तिथे आहे. यांत्रिक पंपात इंधन पंपापासून नॉझलपर्यंत लोखंडी नळीतून जाते. पंपाने दाब दिला की दाबाची लाट नळीतून धावते आणि ती पोचली की नॉझलची सुई उचलली जाते. बायोडिझेल डिझेलपेक्षा कमी दबते, म्हणून त्यात ही लाट वेगाने धावते. सुई नेमल्या क्षणाच्या किंचित आधी उघडते. पिस्टन वर येत असतानाच ज्वलनाला आधी सुरुवात होते, सिलिंडरमधला दाब आणि तापमान जास्त चढते, आणि हवेतला नायट्रोजन व ऑक्सिजन त्या उष्णतेत जोडले जातात. शिवाय काजळीचे तप्त कण ज्वाळेतली उष्णता प्रारणाने बाहेर टाकत असतात. काजळी कमी झाली की तेवढी ज्वाळा जास्त तापलेली राहते. काजळी आणि नॉक्स यांचे हे तराजूसारखे नाते डिझेलच्या कोणत्याही मेकॅनिकला ठाऊक असते. टायमिंग आधी घेतले की गाडी कमी धूर सोडते आणि कडक आवाज करते. मागे घेतले की आवाज मऊ होतो, नॉक्स घटतो, पण धूर वाढतो आणि तेल थोडे जास्त लागते.

आता बायोडिझेलने काजळीत मिळवून दिलेली १० टक्क्यांची जागा पाहा. ती सगळी स्वच्छ धुराच्या रूपात घेण्याऐवजी तिचा काही भाग टायमिंग मागे घेण्यावर खर्च केला, तर नॉक्सची वाढ पुसली जाते, इतकेच काय, मूळ डिझेलपेक्षाही खाली जाते. आणि कण तरीही मूळ पातळीच्या वर जात नाहीत. साध्या डिझेलवर हे करता येत नाही, कारण तिथे टायमिंग मागे घेताच काळा धूर दिसू लागतो आणि पीयूसीच्या केंद्रावर गाडी नापास होते. बायोडिझेल ही अडचण दूर करते. प्रश्न एक-दोन अंशांचा आहे. पंप उतरवून कॅलिब्रेशनच्या बाकावर लावणारा कारागीर हे काम रोज करतो. नवीन यंत्र आयात करावे लागत नाही. नॉझलचे म्हणाल, तर नाशिकच्या सातपूरमध्ये, पूर्वी मायको म्हणून ओळखल्या जाणाऱ्या बॉशच्या कारखान्यात, नॉझल आणि इंजेक्टर पिढ्यान् पिढ्या तयार होत आले आहेत. चिकलठाणा आणि शेंद्र्यात ग्रीव्हज कॉटनने तीनचाकींची लाखो लहान डिझेल इंजिने बनवली. डिझेल इंजिन ओळखणारे हात या शहरात आणि या राज्यात आहेत. मला याचे महत्त्व फार वाटते, कारण आपल्याकडे प्रदूषणावरचा उपाय म्हणजे बाहेरून आणलेली वस्तू असाच समज आहे.

मग इतकी वर्षे हे झाले का नाही? संशोधन झाले नाही असे मुळीच नाही. बायोडिझेलवर भारतातल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांत जितके काम झाले तितके फार थोड्या विषयांवर झाले असेल, आणि त्यातल्या मोठ्या भागाचे यंत्र महाराष्ट्रातले आहे. किर्लोस्करांचे टीव्ही-१ नावाचे एक सिलिंडरचे इंजिन, ६६१ घनसेंटिमीटरचे, ५.२ किलोवॅट ताकदीचे, मिनिटाला १५०० फेऱ्यांचे, आणि ते ज्यावर बसवलेले असते तो सांगलीजवळच्या कुपवाड औद्योगिक वसाहतीतल्या अ‍ॅपेक्स इनोव्हेशन्सचा चाचणी संच. देशभरातल्या प्रबंधांत ही जोडी पुन्हा पुन्हा भेटते. करंज, मोगली एरंड, मोह, कडुनिंब, सरकी, तळणाचे तेल, जे मिळेल त्याचे एस्टर करून या इंजिनात जाळले गेले आहे. त्यातून एक गोष्ट वादातीत ठरली की ही सगळी तेले जळतात आणि धूर कमी करतात. पण हे इंजिन मुळात शेतीचा पंप आणि जनरेटर चालवण्यासाठीचे, एकाच वेगाने फिरणारे. चौकात गाडी तसे वागत नाही. ती थांबते, मंद फिरत राहते, सिग्नल सुटला की भारासह उसळी घेते, उड्डाणपुलाचा चढ चढते. टर्बो बसवलेल्या जुन्या इंजिनात पाय दाबल्यावर इंधन लगेच वाढते, हवा मात्र टर्बोने वेग घेईपर्यंत कमी पडते, आणि त्या दोन-तीन सेकंदांत काळा लोट बाहेर येतो. सिग्नलवर मागे थांबलेल्या दुचाकीस्वाराच्या श्वासात जातो तो हाच लोट. एका वेगाच्या बाकावर तो दिसतच नाही. अंगात ऑक्सिजन असलेले इंधन नेमके इथे सर्वांत जास्त उपयोगी पडावे, असे ज्वलनाचे शास्त्र सांगते. पण आपल्याकडचे बहुसंख्य प्रयोग ज्या यंत्रावर झाले त्या यंत्राला हा प्रश्न विचारताच येत नाही.

याच प्रबंधांत गेल्या काही वर्षांत नॉक्सवरचा उपाय म्हणून धातूंच्या अतिसूक्ष्म कणांची भर घालण्याची लाट आली आहे: सिरियम ऑक्साइड, अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइड, टायटॅनियम ऑक्साइड. बाकावर आकडे चांगले येतात. मला हा मार्ग शहरासाठी चुकीचा वाटतो. जाळल्यावर हे कण नाहीसे होत नाहीत, नळकांड्यातून बाहेर येतात, आणि फुप्फुसात खोलवर जाण्याइतके ते बारीक असतात. नॉक्स कमी करण्यासाठी हवेत धातू सोडणे हा सौदा रस्त्याकडेला दिवसभर उभ्या असणाऱ्या फळविक्रेत्याने का स्वीकारावा? टायमिंग मागे घेतल्याने हवेत काहीच नवे जात नाही.

या मांडणीवर पहिला आक्षेप तांत्रिक आहे आणि तो विचारात घेण्यासारखा आहे. अमेरिकेच्या राष्ट्रीय अक्षय ऊर्जा प्रयोगशाळेने २००६ मध्ये इंजिने सुटी न तपासता पूर्ण वाहने चालवून पाहिली, तेव्हा बी-२० मुळे नॉक्सची सरासरी वाढ शून्यापासून वेगळी काढता आली नाही. काही गाड्यांत नॉक्स वाढला, काहींत घटला. मग दोन टक्क्यांसाठी पंपाला हात लावण्याचा खटाटोप कशाला? माझ्या मते हा निष्कर्ष माझ्याच बाजूचा आहे. गाडीगणिक चिन्ह बदलत असेल तर देशभर एकच टक्का ठरवून मोकळे होणे आणखीच अडाणीपणाचे ठरते. गाडी पाहूनच निर्णय घ्यावा लागतो. कॅलिफोर्नियाने तेच केले. तिथल्या हवा मंडळाने २०१८ पासून अट घातली की ठरावीक टक्क्याच्या वर बायोडिझेल विकायचे तर त्यात नॉक्स रोखणारे रसायन घालावे लागेल. पण ज्या ताफ्यांत नॉक्स नळकांड्यातच मोडणारी नवी इंजिने आहेत त्यांना यातून सूट दिली. संपृक्त मेदाम्लांचे प्रमाण जास्त असलेल्या एस्टरला १० टक्क्यांपर्यंत मोकळीक, तर सोयाबीनसारख्या कमी संपृक्त तेलाच्या एस्टरला उन्हाळ्यात ५ टक्क्यांपर्यंतच. तेल कोणते, इंजिन कोणते आणि ऋतू कोणता, तिन्ही पाहून नियम. ज्या खोऱ्यात ऊन आणि नॉक्स मिळून ओझोन तयार होतो तिथल्या लोकांनी हे शिकून घेतले आहे. ऊन आपल्याकडेही कमी नाही. नॉक्सपासून पुढे हवेतच नायट्रेटचे सूक्ष्म कण तयार होतात, त्यामुळे धूर दिसत नाही म्हणून हवा स्वच्छ झाली असे मानता येत नाही.

आपली तपासणीची पद्धत मात्र नेमका हाच समज पक्का करते. डिझेल गाडीची पीयूसी म्हणजे गाडी उभी करून, गिअर न टाकता, पाय पूर्ण दाबायचा आणि धूर किती गडद आहे ते प्रकाशाने मोजायचे. बीएस-४ च्या आधीच्या गाड्यांना २.४५ आणि बीएस-४ ला १.६२ इतका प्रकाशशोषणाचा गुणांक चालतो. नॉक्स मोजलाच जात नाही. म्हणजे बायोडिझेल घातलेली, टायमिंग आधी सरकलेली, नॉक्स जास्त सोडणारी गाडी या परीक्षेत पहिल्यापेक्षा चांगल्या गुणांनी पास होईल. जुन्या ट्रकचा मालक धूर दिसू नये म्हणून टायमिंग आधी घ्यायला सांगतो, तेव्हा तो नियमाला धरूनच वागत असतो. बायोडिझेल मोकळ्या बाजारात सोडायला माझा विरोध आहे तो यामुळे. ते अशा ताफ्यांना द्यावे जे एकाच आवारात तेल भरतात आणि ज्यांच्या गाड्यांना त्याच आवारात हात लागतो: एसटीचे आगार, महापालिकेचे टँकर आणि कचऱ्याच्या गाड्या, वाळूज आणि शेंद्र्याच्या कारखान्यांचे स्वतःचे ट्रक, आणि विशेषतः मोठे जनरेटर. जनरेटर एकाच वेगाने चालतो, म्हणजे आपल्याकडचे सगळे बाकावरचे संशोधन त्याला जसेच्या तसे लागू आहे. जनरेटरसाठीचे कडक नवे मानक १ जुलै २०२३ पासून लागू झाले, पण ते नव्या संचांना. मंगल कार्यालयांच्या, रुग्णालयांच्या आणि कारखान्यांच्या मागच्या अंगणात उभे असलेले जुने संच अजून कित्येक वर्षे फिरणार आहेत.

नव्या बीएस-६ गाडीत जास्त टक्क्याचे बायोडिझेल घालू नये, असे मी म्हणतो ते वाहन कंपन्यांची बाजू घेण्यासाठी म्हणत नाही. भारतीय मानकाने साध्या डिझेलमध्ये ७ टक्क्यांपर्यंत बायोडिझेल मान्य केलेच आहे आणि तेवढ्याने या गाड्यांचे काही बिघडत नाही. त्यापुढे फायदा संपतो आणि धोका सुरू होतो. बीएस-६ च्या नळकांड्यात काजळी अडवणारी गाळणी असते. तिथे काजळी आधीच अडली आहे, बायोडिझेल आणखी काय कमी करणार? उलट एस्टर धुताना राहून गेलेले सोडियम, पोटॅशियम, कॅल्शियम राख होऊन गाळणीत साचतात आणि उत्प्रेरकाला मारतात. गाळणी जाळून साफ करण्यासाठी काही गाड्यांत सिलिंडरमध्ये उशिरा जादा इंधन सोडतात. बायोडिझेल उकळायला जास्त तापमान लागते, म्हणून ते सिलिंडरच्या भिंतीवरून खाली उतरून इंजिन ऑइलमध्ये साठते आणि ऑइल पातळ होते. संगणकाने नियंत्रित होणाऱ्या या इंजिनांत टायमिंगचा प्रश्नही निराळा आहे. तिथे सुई कधी उघडायची ते दाबाची लाट ठरवत नाही. पण एस्टरमध्ये उष्मांक कमी, म्हणून चालक जास्त पाय दाबतो; संगणकाला वाटते भार वाढला, आणि तो त्या भाराच्या तक्त्यावरून टायमिंग आणि धुराचे पुनर्चक्रण ठरवतो. तो तक्ता मालकाला बदलता येत नाही. नव्या गाड्यांबद्दल एक खंत मात्र नोंदवायला हवी. युरियाचे द्रावण फवारून नॉक्स मोडणारी यंत्रणा नळकांडे साधारण २०० अंशांवर तापल्याशिवाय नीट काम करत नाही. सिग्नलमागून सिग्नल थांबणाऱ्या गाडीचे नळकांडे थंडच राहते. म्हणजे क्रांती चौकाला बीएस-६ चा पूर्ण लाभ मिळतो तो वाहतूक वाहती ठेवली तरच, आणि ते काम कोणत्याही तेलाने होणार नाही.

तेल येणार कुठून, हा यातला सर्वांत रुचकर आणि सर्वांत फसवा भाग. महाराष्ट्राने एकदा या बाबतीत हात पोळून घेतले आहेत. नाशिक जिल्ह्यात विनायकदादा पाटील यांच्या पुढाकाराने ऐंशीच्या दशकात शेतकऱ्यांनी मोगली एरंडाची लागवड केली, तेव्हा अपेक्षेइतके बी आलेच नाही आणि झाडे उपटावी लागली. तो अनुभव जवळ असूनही २००३ नंतर देशाने पुन्हा त्याच झाडावर पैज लावली. पडीक, कोरड्या जमिनीत पीक येईल असे सांगितले गेले. झाड जगले, पण पाणी आणि खत दिल्याशिवाय ते भरघोस फळेना. मराठवाड्यातल्या शेतकऱ्याला हे कोणी सांगायची गरज नव्हती. खाद्यतेलापासून बायोडिझेल करणे तर आपल्याला परवडणारच नाही. देशाला लागणाऱ्या खाद्यतेलाचा निम्म्याहून जास्त भाग आपण आयात करतो. इंडोनेशियाने २०२० पासून ३० टक्के आणि आता ४० टक्के मिश्रणापर्यंत मजल मारली ती स्वतःच्या पामच्या बळावर, आणि त्याची किंमत तिथल्या जंगलांनी मोजली आहे.

उरते ते तळणाचे वापरलेले तेल. अन्न सुरक्षा प्राधिकरणाने १ जुलै २०१८ पासून असे ठरवले की वारंवार तापवल्याने तेलातली ध्रुवीय संयुगे २५ टक्क्यांच्या वर गेली की ते तळायला वापरायचे नाही. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये असे तेल गोळा करून बायोडिझेलकडे वळवण्याची योजना जाहीर झाली, आणि मार्च २०१९ पासून दिवसाला ५० लिटरहून जास्त तेल तळणासाठी वापरणाऱ्या व्यावसायिकांनी त्याच्या नोंदी ठेवाव्यात असे सांगितले गेले. गुलमंडी, निराला बाजार, पैठण गेट परिसरातल्या फरसाणाच्या आणि मिठाईच्या दुकानांच्या कढया दिवाळीच्या आधी रात्रंदिवस पेटलेल्या असतात, हे कोणाला नवे नाही. ते तेल बायोडिझेलकडे गेले नाही तर स्वस्तात विकले जाऊन पुन्हा कुणाच्या तरी भज्यांत येते. म्हणून मला या योजनेचा पहिला फायदा हवेचा वाटत नाही, आरोग्याचा वाटतो. पण योगायोग असा की हवेसाठीही हे तेल बरे आहे. बाजारातल्या तळणात पामतेलाचा वाटा मोठा असतो. पाम जास्त संपृक्त, त्यामुळे त्याच्या एस्टरचा सीटेन अंक (पेट घेण्याची तत्परता) चांगला आणि नॉक्सची वाढ सोयाबीनपेक्षा कमी. कॅलिफोर्नियाने याच गुणाला सूट दिली आहे. याच गुणाचा तोटा असा की पामचे एस्टर साधारण १३ ते १६ अंशांवरच गढूळ होऊ लागते. थंड देशांना त्याची धास्ती वाटते. या शहरात डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे पारा १० अंशांच्या आसपास उतरतो, कधी त्याच्याही खाली जातो. तेवढे आठवडे मिश्रण २० टक्क्यांवरून ५ वर आणले, म्हणजे फिल्टर तुंबत नाही. वर्षातले उरलेले दहा महिने मराठवाड्याचे हवामान या तेलाला अनुकूल आहे.

दुसरा आक्षेप बाजाराचा आहे आणि तो मला तांत्रिक आक्षेपापेक्षा जड वाटतो. बायोडिझेलच्या नावाखाली औद्योगिक तेले विकण्याचा धंदा महाराष्ट्र आणि गुजरातेत इतका फोफावला की राज्य सरकारला २०२१ मध्ये बायोडिझेलच्या उत्पादन, साठवणूक आणि विक्रीसाठी वेगळे धोरण आणावे लागले. महामार्गाकडेच्या टाकीतून डिझेलपेक्षा स्वस्तात मिळणारे ते द्रव अनेकदा एस्टर नसतेच. त्यात ११ टक्के ऑक्सिजन नसतो, गंधकाची खात्री नसते, आणि धुरावरचा वर सांगितलेला एकही परिणाम त्याला लागू होत नाही. ज्या ट्रकवाल्याचा पंप अशा तेलाने बसला त्याचा बायोडिझेल या शब्दावरचा विश्वास उडाला, आणि त्यात त्याची चूक नाही. यावर उपाय पुन्हा आवारातल्या ताफ्याचाच आहे. आगारात येणारा प्रत्येक टँकर आम्लांक, पाणी, मिथेनॉल आणि चिकटपणा तपासूनच उतरवता येतो. रस्त्यावरच्या हजार ग्राहकांना ते शक्य नाही. तळणाच्या तेलात मुक्त मेदाम्ले जास्त असतात, ती आधी आम्लाने हाताळली नाहीत तर साबण होतो, आणि घाईने केलेल्या एस्टरमध्ये तो साबण तसाच राहतो. म्हणून ही तपासणी कर्मकांड म्हणून करून चालणार नाही.

तिसरा आक्षेप असा की वीज आणि सीएनजी येत आहेत, पंधरा वर्षे जुन्या सरकारी गाड्यांच्या नोंदणीचे नूतनीकरण एप्रिल २०२३ पासून थांबले आहे, मग मरणपंथावरच्या इंजिनांवर मेहनत का? यात तथ्य आहे. शहर बस आणि रिक्षा विजेवर जाव्यात, जितक्या लवकर जातील तितके चांगले, आणि ज्या ताफ्याला आज विजेवर जाता येते त्याने बायोडिझेलचे निमित्त करून थांबू नये. पण देशभर बीएस-४ आले एप्रिल २०१७ मध्ये. त्याआधी विकलेला बीएस-३ चा खासगी ट्रक, टँकर, खडी वाहणारा टिप्पर हे २०३० नंतरही धावणार आहेत, आणि जुने ट्रॅक्टर व जनरेटर त्याहूनही पुढे. ज्या दहा वर्षांत ही इंजिने विझत जातील त्या दहा वर्षांत चौकात वाढणारी मुले एकदाच वाढणार आहेत. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने जून २०१२ मध्ये डिझेलचा धूर निश्चितपणे कर्करोगकारक ठरवला. त्या वर्गात तंबाखूचा धूर आणि अ‍ॅस्बेस्टॉस आहेत.

राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमाच्या यादीत हे शहर आहे, आणि त्यातला पैसा प्रामुख्याने धुळीवर खर्च होतो. त्यावरून आणखी एक मुद्दा असा मांडला जातो की इथल्या जाड कणांत रस्त्याची धूळच जास्त, डिझेलला कशाला धरता? वजनाच्या मापाने हे खरे आहे. पण धुळीचा जाड कण नाकात अडतो आणि काजळीचा बारीक कण फुप्फुसाच्या टोकापर्यंत जातो. दोन्ही एकाच तराजूत तोलून काजळीला माफी देता येत नाही. बी-२० ने बीएस-३ चे इंजिन बीएस-६ होत नाही, हेही तितकेच खरे. १० टक्के काजळी ही मोठी घट नाही. तीन गोष्टींनी ती मोठी होते: ती सर्वांत घाणेरड्या गाड्यांत होते, ती लगेच होते, आणि तिच्यासाठी नॉझल व पंप तपासावे लागत असल्याने टपकणारे नॉझल, झिजलेले प्लंजर, तुंबलेला एअर फिल्टर हे दोष त्याच वेळी सापडतात. माझा अंदाज असा की यातला बराचसा फायदा तेलापेक्षा या देखभालीतूनच येईल, आणि तसे झाले तरी मला त्यात काही वावगे वाटत नाही.

हा अंदाज तपासता येण्यासारखा आहे. क्रांती चौकापासून जवळच उस्मानपुऱ्यात १९६० पासूनचे शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. वाहनांच्या अधिकृत चाचण्या करणारी एआरएआय ही संस्था पुण्यात आहे. एका आगारातल्या सारख्या वयाच्या, सारख्या मॉडेलच्या गाड्या घ्याव्यात. काही साध्या डिझेलवर पण पंप नीट लावून, काही बी-२० वर टायमिंग न बदलता, काही बी-२० वर टायमिंग मागे घेऊन चालवाव्यात. चौकाच्या गर्दीतून धावतानाच, नळकांड्याला लावता येणाऱ्या उपकरणाने, धुराबरोबर नॉक्सही मोजावा; उन्हाळ्यात एकदा आणि जानेवारीत एकदा. पहिल्या गटामुळे देखभालीचा वाटा कळेल, दुसऱ्यामुळे तेलाचा, तिसऱ्यामुळे टायमिंगचा. तेल किती जास्त लागले तेही लिहावे, कारण बी-२० मध्ये उष्मांक एक-दोन टक्क्यांनी कमी पडतो, टायमिंग मागे घेतल्याने आणखी थोडे जाते, आणि त्याचे पैसे आगाराच्या खिशातून जाणार असतील तर कोणताही आगारप्रमुख ही गोष्ट दुसऱ्या महिन्यात बंद करेल. हा फरक महापालिकेने स्वच्छ हवेच्या निधीतून भरावा. रस्ते झाडणाऱ्या यंत्रांना तो निधी मिळतो, मग पंप लावणाऱ्या कारागिराला मिळायला काय हरकत आहे?